आरशावरची टिकली

नऊ वाजून एकतीस मिनिटांनी फोनवर आकडा उमटला. ६.९. लाल.

अन्विता पाचपोरने फोन पालथा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. आकडा तोच. काल ७.१ होता, परवा ७.०. तिच्या मुलीच्या अंगातलं ड जीवनसत्त्व आठ आठवडे सातच्या आसपास खिळून बसलं होतं, आणि या आठ आठवड्यांत रोज सकाळी, ऑफिसला निघण्यापूर्वी, अन्विताने स्वतःच्या हाताने तिच्या जिभेवर थेंब सोडले होते. आधी चारशे युनिट. मग हजार, दोन हजार, पाच हजार. गेला महिनाभर दहा हजार.

मिहिका साडेचार महिन्यांची होती. या वयाच्या बाळाला चारशे युनिट पुरतात, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. पण ती पुस्तकं लिहिली गेली तेव्हा बाळं अंगणात खेळत असत.

नागपुरात आता होळीच्याही आधीपासून, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, तान्ह्या मुलांना बाहेर काढायचं नाही असा नियम होता. नियम नसता तरी कुणी काढलं नसतं. रस्त्यावरचा डांबराचा थर दुपारी चपलेला चिकटायचा. घरांच्या काचांवर उष्णता अडवणारे लेप होते. कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सूर्याचे जे अतिनील किरण लागतात, ते साध्या काचेतूनही आत येत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते जवळपास नसतातच. ऊन डोक्यावर असतं तेव्हा ते भरपूर येतात, आणि नेमकं तेच ऊन आता माणसांना सोसवत नव्हतं. सावलीत वाढलेली पहिली पिढी चालायला लागली तेव्हा तिचे पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसले. काहींना त्याआधीच झटके येऊन गेले होते.

म्हणून थेंब. पण थेंब किती द्यायचे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तान्ह्या बाळाची नस सापडेपर्यंत बाळ, आई आणि नर्स तिघंही रडकुंडीला येतात. त्यातून टिकली आली. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. नखाएवढी गोल चकती. आतल्या बाजूला केसाहून बारीक, आखूड सुया. त्या कातडीच्या वरच्या थरातला ओलावा चाचपायच्या आणि त्यावरून रक्तातलं प्रमाण सांगायच्या. दिवसातून एकदाच, साडेनऊला. ड जीवनसत्त्व संथ असतं. अंगातला साठा निम्मा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, मग तासातासाला मोजून बॅटरी कशाला जाळायची? टिकलीचा आकडा थेंबदाणीला जायचा आणि थेंबदाणी दुसऱ्या दिवशीचा डोस स्वतःच ठरवायची. आईने फक्त कळ दाबायची.

हे सगळं अन्विताला पाठ होतं, कारण टिकली बनवणाऱ्या ‘किरणवेध’ कंपनीत ती पडताळणी विभागाची प्रमुख होती. दिवसातून एकच वाचन घ्यायचं, हे तिनेच सुचवलं होतं. दोन मिनिटांचा अलार्मही तिचाच. टिकली दोन मिनिटांहून जास्त वेळ कातडीवरून सुटली तर आईच्या फोनवर कर्कश भोंगा वाजायचा. टिकली अंगावर आहे की नाही हे तिला नाडीवरून कळायचं. नाडी लागली, म्हणजे स्पर्श आहे. नाही लागली, म्हणजे अलार्म. अगदी साधं.

“अन्विता, आलेख झाले का?” डोंगरे सरांनी दारातून विचारलं. ते तिचे वरिष्ठ. “शुक्रवारी बाराला समिती बसते आहे.”

“होताहेत, सर.”

“आणि छकुली?”

“सहा पॉइंट नऊ.”

“हट्टी आहे,” ते हळहळत म्हणाले.

हट्टी हा ऑफिसातला शब्द होता. शहरातल्या अकरा हजार बाळांच्या अंगावर टिकली होती. त्यांतल्या आठशे चाळीस बाळांचा आकडा कितीही थेंब दिले तरी वर सरकत नव्हता. ही हट्टी बाळं. या बाळांचं आतडं थेंब शोषत नसावं, तेव्हा डोसची कमाल मर्यादा दहावरून वीस हजारांवर न्यावी, अशी शिफारस अन्विताने लिहिली होती. ती रजा पुरी व्हायच्या आत, अर्ध्या वेळेच्या बोलीवर कामावर परतली होती, ती याच शिफारशीसाठी. शिशुपोषण समितीने होकार दिला की थेंबदाण्या शनिवारी सकाळपासून दुप्पट थेंब सोडणार होत्या.

“समितीला सांग, माझी स्वतःची मुलगी यात आहे म्हणून,” डोंगरे सर म्हणाले. “त्याने फरक पडतो.”

*

दीड वाजता ती घरी पोचली तेव्हा मंदामावशी पुढचं घर करून पुन्हा आलेल्या होत्या. त्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालायच्या. वय साठीच्या घरात, उंची बेताची, मनगटं मात्र पैलवानासारखी. पहाटे उजाडायच्या आधी पहिल्या घरी जायच्या, सहा घरं करायच्या आणि दिवस मावळल्यावर परतायच्या. सहा घरं म्हणजे सहा न्हाणीघरं. अन्विताकडे त्या नऊला यायच्या, बाळाला वारा लागू नये म्हणून दार लोटून घ्यायच्या आणि तासाभराने न्हालेलं, धुरी दिलेलं गाठोडं बाहेर आणायच्या. रविवारीसुद्धा. बाळाच्या आंघोळीला सुट्टी नसते, असं त्यांचं म्हणणं.

आज त्या पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात अन्विताचीच वाट पाहत होत्या.

“ताई, लेकराची जीभ पाहिली का? कोरडी ठाक आहे. अन् लंगोट तं घंट्याघंट्याले ओला.”

“उन्हाळा आहे, मावशी.”

“उन्हाळ्यात कमी होते न ताई, जास्त कायले होईन?” मावशींनी पिशवी खाली ठेवली. “तीन दिवस शी नाही. आज झाली, ते बकरीच्या लेंड्यावानी. पहिले मालिश करताना कशा लाथा मारे! माही बांगडी फोडली तिनं एक डाव. आता पाय सोडून देते. मऊ पडलं लेकरू.”

“डी कमी असलं की स्नायू मऊच पडतात.”

“ते थेंब दोन दिवस बंद करून पाहता का?”

अन्विताने दिवसभर भीती दाबून ठेवली होती, पण बाहेर पडताना तिचा राग झाला.

“मावशी, तिचं डी सात आहे. सात! थेंब बंद केले आणि झटका आला तर? तुम्ही जबाबदारी घेणार?”

“मले सात-आठ नाही समजत ताई. हाताले समजते तेवढं सांगते.”

“हाताला काही समजत नाही. त्यासाठीच ती टिकली लावलीय.”

मंदामावशींनी आपल्या डाव्या दंडावरून पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि गुडघ्यावर हात टेकत जिना उतरल्या. एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग डावा.

आपण जास्त बोललो, हे अन्विताला कळलं. आधीही एकदा असंच झालं होतं. कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी, साडेनऊच्या सुमारास, फोनवर भोंगा वाजला होता. ऑफिसातून घरापर्यंतची ती बारा मिनिटं अन्विता विसरू शकत नव्हती. येऊन पाहते तर मिहिका तेलाने चकचकीत, मजेत लाथा झाडते आहे आणि टिकली कुठेतरी भलतीकडेच. ती मावशींना नाही नाही ते बोलली होती. टिकली बाळाच्या अंगावरून हलली तर याद राखा, इथपर्यंत. मावशी म्हणाल्या होत्या, “तेलानं सुटते जी ते.” रजेवर असताना अन्विता स्वतः न्हाणीघरात बसून मालिशभर टिकली अंगठ्याने दाबून धरायची. “मग दाबून धरा,” ती म्हणाली होती. दोन्ही हातांनी बाळ रगडणाऱ्या बाईने तिसरा हात कुठून आणायचा, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नव्हता.

त्यानंतर अलार्म पुन्हा कधी वाजला नाही.

*

गुरुवारी नवऱ्याचा, निनादचा, फोन साडेअकराला आला. तो घरूनच काम करायचा, पण आतल्या खोलीत, कानांवर यंत्रं चढवून. दिवसा तो फोन करत नसे.

“अनू, ये लवकर. दोनदा ओकली. सकाळपासून दूध घेतलेलं नाही. उचलली की मान टाकते.”

दवाखाना घरापासून दोन चौकांवर होता. डॉ. सरोज अलोणींनी मिहिकाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही.

“नस शोधा,” त्या नर्सला म्हणाल्या.

“डॉक्टर, टिकली आहे ना,” अन्विता म्हणाली. “आज सकाळचं डी सात आहे. कमतरतेमुळेच—”

“टिकलीला नाही विचारलं मी. रक्ताला विचारते आहे.” मग थोडं मऊ होऊन, “तोवर ती काढा मांडीवरून. मला जागा लागेल.”

अन्विताने टिकली सोलून काढली. बेसिनपाशी जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, आणि मागे वळली तेव्हा नर्सला नस सापडली होती. मिहिका रडली, पण आवाज नीट फुटला नाही.

पाऊण तासाने डॉक्टर कागद घेऊन आल्या. बसल्या नाहीत.

“कॅल्शियम पंधरा पॉइंट दोन. अकराच्या आत हवं. थेंब किती देता?”

“दहा हजार.”

“महिन्याला?”

“रोज.”

डॉ. अलोणींनी चष्मा काढला. “कुणी सांगितलं?”

“थेंबदाणी ठरवते,” अन्विता म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “आकड्यावरून.”

ड जीवनसत्त्व अन्नातलं कॅल्शियम रक्तात ओढून आणतं. कमी पडलं तर हाडं मऊ होतात. अति झालं तर तेच कॅल्शियम रक्तात दाटतं. बाळ ओकतं, आतडं आळसावतं, मूत्रपिंडं ते बाहेर फेकण्यासाठी अंगातलं पाणी उपसत राहतात. कोरडी जीभ, ओले लंगोट, बकरीच्या लेंड्या. अन्विताने हे सगळं एम.एस्सी.च्या पेपरात लिहिलं होतं. मंदामावशींनी काल तेच, त्याच क्रमाने, उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं.

सलाइन सुरू झालं. तीन वाजता दुसरा कागद आला. ड जीवनसत्त्व : १८६.

“परत लावलं मी मशीनवर. एकशे चौऱ्याऐंशी,” डॉक्टर म्हणाल्या. “शंभराच्या पुढे आम्ही घाबरतो. तुमची टिकली सात म्हणते. दोघींपैकी एक खोटी आहे, आणि हे लेकरू माझ्या बाजूने साक्ष देतंय. पहिल्यापासून सात होतं?”

“नाही. पहिले दोन आठवडे चोवीस-पंचवीस. मी कामावर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सात झालं. त्याच सकाळी नवीन टिकली लावली होती, तिची मोजणी नव्याने सुरू झाली. जुन्या तुकडीतल्या टिकल्या जास्त दाखवतात अशी तक्रार होती, म्हणून मला वाटलं आधीचेच आकडे चुकीचे.”

“दोन दिवसांत चोवीसचं सात?”

साठा निम्मा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. हे वाक्य अन्विताने कितीतरी सादरीकरणांत म्हटलं होतं.

निनाद मिहिकाच्या उशाशी बसला. अन्विताने मांडीवर संगणक उघडला आणि टिकलीची कच्ची नोंद काढली. ती कुणी पाहत नसे. पुढे फक्त आकडा जायचा. नोंदीत दर पाच मिनिटांची नाडी होती. १३८. १४१. १३५. साडेचार महिन्यांच्या बाळाची असते तशी, चिमणीसारखी. नऊ वीस : १३९. नऊ पंचवीस : ७६. नऊ तीस : ७४. दहा वाजता पुन्हा १४०.

रोज सकाळी मुलीचं हृदय असं निम्म्यावर येतं? तिने आदला दिवस काढला. ७५. त्याच्या आदला. ७८. आठ आठवडे, रोज साडेनऊला, शांत, संथ, म्हाताऱ्या पावलांसारखी नाडी.

एक दिवस सोडून. गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला नाडी १४२ होती. त्या दिवशीचं वाचन संगणकाने बाद केलं होतं, कारण ते आदल्या दिवसाच्या आकड्याशी अजिबात जुळत नव्हतं. बाद केलेला आकडा होता १२२.

चौदा तारखेला मंदामावशी नातीच्या बारशाला भंडाऱ्याला गेल्या होत्या. मिहिकाला न्हाऊ घातलं होतं अन्विताने.

*

शुक्रवारी सकाळी आठला मावशी दवाखान्यात आल्या. निनादने निरोप धाडला होता. अन्विताने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारलं, “मावशी, मालिश करताना टिकली कुठे ठेवता?”

मावशींनी बाळाकडे पाहिलं, मग सलाइनच्या बाटलीकडे.

“रागावणार नाही मी. खरं सांगा.”

“पहिल्या दिवशी आरशावर लावली होती,” त्या म्हणाल्या. “आपण न्हायले जातो तं आपली लावून ठेवतो न, तशी. तं थो भोंगा वाजला. तुम्ही धावत आल्या, केवढ्या बोलल्या. मग दुसऱ्या दिवशी हातात धरून पाहिली, तं नाही बोंबलली. म्हटलं गरम अंग पाहिजे तिले. म्हणून मंग...” त्यांनी डाव्या दंडावरचा पदर बाजूला केला. सैल पडलेल्या कातडीवर बारीक ठिपक्यांची वर्तुळं होती, एकाशेजारी एक, काही जुनी पुसट, काही ताजी. “पाण्यानं पुसून परत लेकराले लावतच होती मी. तेल नाही लागू दिलं एक थेंब.”

दारात उभ्या डॉ. अलोणींनी कपाळावर हात मारला. “सुया एकीच्या अंगातून दुसरीच्या! दोघींच्याही सगळ्या तपासण्या करते मी आता.” त्यांनी नर्सला हाक मारली.

“मावशी,” अन्विता म्हणाली, “ती टिकली तुमचं रक्त मोजत होती. रोज. आणि तुमच्या आकड्याचे थेंब मी मिहूला देत होते.”

मंदामावशींना ते समजायला वेळ लागला.

“माहं?” त्या म्हणाल्या. “माहं कोणी कायले मोजन?” मग एकदम त्यांचा चेहरा विस्कटला. “म्हणजे माह्यानं झालं हे?”

“नाही. माझ्याने झालं.”

“मले काय माहीत ताई! आम्ही साऱ्याजणी तेच करतो. आमच्यातल्या वर्षाले मीच सांगतलं. वर्षानं तिच्या जावेले. भोंग्याले सारेच भेतात.”

अन्विता उठून उभी राहिली.

“साऱ्याजणी म्हणजे किती?”

“न्हाऊ घालणाऱ्या? असतील सात-आठशे. आमचा गट आहे न फोनवर.”

खिडकीपाशी जाऊन अन्विताने आठशे चाळीस हट्टी बाळांची कच्ची नोंद उघडली. एकच प्रश्न विचारला : साडेनऊला नाडी शंभराच्या खाली असलेली किती? उत्तर यायला चार सेकंद लागले. सहाशे अकरा.

सहाशे अकरा घरं. तितकी न्हाणीघरं, तितक्या तेलाच्या वाट्या, तितक्या उघड्या मांड्या आणि कुणाच्या तरी दंडावर चिकटलेली टिकली. उद्या सकाळी त्या सहाशे अकरा बाळांच्या जिभेवर वीस हजार युनिट पडणार होते, तिच्या सहीने.

तिने डोंगरे सरांना फोन लावला आणि सांगितलं.

“तू रात्रभर झोपली नसशील,” ते म्हणाले. “तुझी मनःस्थिती समजू शकतो. समितीचा निर्णय आपण पुढे ढकलू. सोमवारी नीट बसून बघू.”

“सोमवारपर्यंत तीन सकाळी होतात, सर. दहा-दहा हजारांच्या. थेंबदाण्या आज थांबवायला हव्यात.”

“अकरा हजार बाळांच्या? त्यात खरीखुरी कमतरता असलेली आहेत. त्यांचं काय?”

“ड जीवनसत्त्व संथ असतं. चार दिवस थेंब चुकले तर त्यांना काही होत नाही. हे आपणच छापलंय माहितीपत्रकात.”

“आणि दोन मिनिटांचा अलार्म? फक्त नाडी लागते की नाही एवढंच पाहायचं, किती लागते ते नाही, हे कुणी ठरवलं, असं समिती विचारेल. नोंदीत तुझं नाव आहे, अन्विता.”

“हो.”

“तुझ्या मुलीचाच दाखला आपण पहिल्या पानावर दिलाय.”

“तोच खोडा म्हणते आहे मी.”

फोन ठेवल्यावर तिने पडताळणी विभागाचं पान उघडलं. तिथे एक आदेश होता, कंपनी सुरू झाल्यापासून कुणी वापरला नव्हता : सर्व थेंबदाण्या, थांब. कारण लिहायला चौकोन होता. तिचं बोट त्या चौकोनावर क्षणभर थांबलं. नोकरी जाईल, हे तिला माहीत होतं. पण खरी भीती ती नव्हती. एकदा लिहिलं, की हे घडलं होतं असं होणार होतं. तिने लिहिलं : ‘साडेनऊची वाचनं बाळांची नाहीत. ती न्हाऊ घालणाऱ्या बायकांची आहेत. नाडी पाहावी. ही चूक माझ्या नियमामुळे झाली. हट्टी बाळांचं रक्त नसेतून तपासावं, आजच.’ खाली नाव लिहिलं आणि कळ दाबली.

नऊला डॉ. अलोणींनी दोन कागद आणले. मिहिकाचं कॅल्शियम तेरा पॉइंट आठ. “उतरतंय,” त्या म्हणाल्या. “पण ड जीवनसत्त्व चरबीत साठलंय, ते आठवडेच्या आठवडे पाझरत राहील. रोज रक्त काढावं लागेल. आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांना कडेने पांढरी रेघ दिसते आहे. बारीक आहे. राहते की जाते ते तीन महिन्यांनी कळेल.”

“नक्की नाही सांगता येणार?”

“नाही.”

दुसरा कागद मंदामावशींचा. आकडा होता ७.०.

अन्विता त्या आकड्याकडे पाहत राहिली. टिकलीने एकदाही चूक केली नव्हती. आठ आठवडे ती रोज, न चुकता, खरं तेच सांगत होती : या घरात एका बाईची हाडं दुखताहेत.

“जिना उतरताना गुडघे धरतात का?” डॉक्टर मावशींना विचारत होत्या. “रात्री पोटऱ्या ठणकतात?”

“ते तं वयानं न जी,” मावशी म्हणाल्या.

साडेनऊला फोन किंचाळला. मावशी दचकून उभ्या राहिल्या. पडद्यावर लाल अक्षरं होती : वाचन नाही. स्पर्श नाही. काल काढलेली टिकली! कालपासून फोन निनादच्या सांगण्यावरून मुका करून ठेवला होता. सरांशी बोलण्यासाठी तिने तो पुन्हा बोलता केला होता. टिकली कुठे ठेवली? अन्विताने इकडेतिकडे पाहिलं, आणि बेसिनकडे नजर गेली. आरशावर, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढी चकती चिकटलेली होती. तोंडावर पाणी मारण्याआधी तिनेच ती तिथे लावली होती. तिला आठवतसुद्धा नव्हतं.

“आणू का ताई?” मावशींचा हात सवयीने दंडाकडे गेला होता. “लावते मी हाताले. गप बसन.”

“राहू द्या, मावशी. वाजू दे.”

भोंगा वाजत राहिला. मंदामावशी पलंगाशी आल्या. सलाइनची नळी सांभाळत त्यांनी मिहिकाचं उघडं पाऊल तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने तळवा हळूहळू चोळायला लागल्या. तेल नव्हतं, नुसताच हात. बराच वेळ काही झालं नाही.

“मारली,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“लाथ.”

अन्विताला पाऊल हललेलं दिसलं नव्हतं. “खरंच? मला नाही दिसली.”

“दिसाले नाही पाहिजे. हाताले समजते न.”

अन्विता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिने मिहिकाचं दुसरं पाऊल आपल्या तळहातात घेतलं, मावशींनी धरलं होतं तसंच, आणि वाट पाहू लागली.